गॅलरीतला आवाज नक्की कुणाच्या कानात शिरतो?

घरचं मैदान आणि भरलेली गॅलरी असली की आपला संघ जिंकायलाच हवा, असं प्रत्येक फुटबॉलवेड्याला वाटतं. ते वाटणं निराधार नाही. जगातल्या जवळपास प्रत्येक लीगमध्ये यजमान संघ पाहुण्यांपेक्षा जास्त सामने जिंकत आला आहे. पण हा फायदा किती, त्यातला किती वाटा प्रेक्षकांचा, आणि गॅलरीतला आवाज नेमका कुणावर परिणाम करतो, हे बहुतेकांनी कधी तपासलेलं नसतं. खेळाडूंच्या अंगात बळ येतं असं आपण धरून चालतो. आकडे मात्र आधी शिट्टी वाजवणाऱ्या माणसाकडे बोट दाखवतात.

आधी फायदा मोजू

रीत सोपी आहे. हंगामभरात सगळ्या यजमान संघांनी मिळवलेले गुण एकत्र करायचे आणि त्या हंगामात वाटल्या गेलेल्या एकूण गुणांनी भागायचं. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. उत्तर ५० टक्के आलं तर घरच्या मैदानाचा फायदा शून्य. त्याच्या वर जितकं, तितका फायदा.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०१८-१९ चा हंगाम घेऊ. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. ३८० सामन्यांपैकी यजमान १८१ जिंकले, पाहुणे १२८ जिंकले, ७१ बरोबरीत सुटले. यजमानांचे गुण झाले १८१ × ३ + ७१ = ६१४. पाहुण्यांचे १२८ × ३ + ७१ = ४५५. एकूण १०६९, त्यात यजमानांचा वाटा ५७.४ टक्के.

आता २०२०-२१ पाहा. कोरोनामुळे जवळजवळ सगळा हंगाम रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. मधल्या काळात काही ठिकाणी मोजके प्रेक्षक आले आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत थोडी गर्दी परतली, एवढंच. यजमान जिंकले १४४, पाहुणे जिंकले १५३, बरोबरी ८३. हिशोब केला तर यजमान ५१५ गुण, पाहुणे ५४२. यजमानांचा वाटा ४८.७ टक्के. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीच्या इतिहासात पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकल्याचा हा पहिलाच हंगाम होता. पुढच्या वर्षी गॅलऱ्या भरल्या आणि पारडं पुन्हा यजमानांकडे झुकलं.

टक्के सोडून गुणांत बोलू, म्हणजे नीट उमगेल. २०१८-१९ मध्ये यजमान संघाला सामन्यामागे सरासरी १.६२ गुण मिळाले, पाहुण्याला १.२०. दोन्हींची सरासरी १.४१, म्हणजे तटस्थ मैदानावर सर्वसाधारण संघाने मिळवले असते तेवढे. घरी खेळण्याचा नफा सामन्यामागे ०.२१ गुण. घरचे सामने १९, म्हणजे हंगामाला साधारण ४ गुण.

हे ४ गुण कमी नाहीत. एवढ्या फरकाने संघ खालच्या श्रेणीत जातात आणि विजेतेपदंही हुकतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, हे ४ गुण प्रत्येक संघाला मिळतात, कारण प्रत्येकाला स्वतःचं घर आहे. गुणतक्त्यात तुमचा खरा फायदा एवढाच, की तुमचं घर इतरांच्या घरांपेक्षा किती जास्त अवघड आहे. दुसरी, १९ सामन्यांत निव्वळ योगायोगाने होणारी वरखालीच सुमारे ६ गुणांची असते. पोस्टला लागून आत गेलेला चेंडू, चुकीचा ऑफसाइड, आजारी पडलेला स्ट्रायकर, हे सगळं त्यात येतं. म्हणून एखाद्या क्लबच्या एका हंगामाकडे बघून ‘यंदा प्रेक्षकांनी जिंकवलं’ किंवा ‘यंदा गॅलरी थंड होती म्हणून हरलो’ असं सांगता येत नाही. ४ गुणांचा परिणाम ६ गुणांच्या गोंधळात बुडून जातो. तो दिसायला शेकडो सामने एकत्र मोजावे लागतात.

आणखी एक आकडा समर्थकांनी लक्षात ठेवावा. प्रेक्षक भरलेल्या त्या हंगामातही ३८० पैकी १९९ सामन्यांत यजमान जिंकले नव्हते. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा घरचे प्रेक्षक विजय न पाहताच स्टेडियमबाहेर पडले.

या फायद्यात काय काय मिसळलेलं असतं

घरचं मैदान म्हणजे फक्त प्रेक्षक नव्हेत. पाहुणा संघ प्रवास करून येतो, हॉटेलात झोपतो, त्याची नेहमीची सरावाची वेळ चुकते. यजमानांना मैदानाची लांबी-रुंदी, गवत, उतार, संध्याकाळी कुठल्या बाजूने ऊन डोळ्यांवर येतं, हे सगळं माहीत असतं. कुठे कुठे तर हवाच यजमानांच्या बाजूने असते. बोलिव्हियाचं ला पाझमधलं स्टेडियम समुद्रसपाटीपासून ३६०० मीटरच्या वर आहे. तिथे १ एप्रिल २००९ रोजी मेस्सीचा अर्जेंटिना ६-१ असा हरला. एवढ्या उंचीवर सवय नसलेल्या खेळाडूचा श्वास लवकर संपतो आणि विरळ हवेत चेंडू अपेक्षेपेक्षा लांब जातो. त्यात गॅलरीची गरजच नाही.

हा फायदा दशकानुदशकं घटत आला आहे, हेही महत्त्वाचं. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे युएफाने, २०२१ मध्ये आपल्या स्पर्धांतला परक्या मैदानावरच्या गोलचा नियम (दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत सुटली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे) रद्द केला तेव्हा कारण म्हणून हेच आकडे दिले. १९७० च्या दशकाच्या मध्यात यजमान ६१ टक्के सामने जिंकत आणि पाहुणे १९ टक्के. अलीकडे ते प्रमाण ४७ आणि ३० वर आलं. प्रेक्षक काही कमी झालेले नाहीत. प्रवास सुखाचा झाला, मैदानं एकसारखी झाली, टीव्ही कॅमेऱ्यांमुळे पंचांवर नजर वाढली.

नव्या स्टेडियमच्या गोष्टी ऐकतानाही हे मिश्रण ध्यानात ठेवावं. इटलीचा युव्हेंटस क्लब २०११ मध्ये नव्या स्टेडियममध्ये गेला. जुन्या देल्ले आल्पीमध्ये प्रेक्षक आणि मैदान यांच्यात धावपट्टी होती. नवीन ठिकाणी सुमारे ४१,००० च खुर्च्या, पण प्रेक्षक अगदी टचलाइनला भिडलेले. पहिल्याच हंगामात संघ लीगमध्ये अपराजित राहिला आणि त्या हंगामापासून सलग ९ विजेतेपदं घेतली. स्टेडियमला श्रेय द्यायचा मोह होतो, पण त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक म्हणून कोंते आले होते आणि मधल्या फळीत पिर्लो. कुणाचा वाटा किती, हे एका उदाहरणातून सुटं करता येत नाही.

रिकाम्या गॅलऱ्यांनी काय दाखवलं

प्रेक्षकांचा परिणाम वेगळा काढायचा तर बाकी सगळं तसंच ठेवून फक्त प्रेक्षक काढून घ्यावे लागतात. असा प्रयोग कुठल्याही लीगने आपणहून केला नसता. २०२० मध्ये तो आपोआप झाला.

युरोपच्या मोठ्या लीगपैकी जर्मनीची बुंडेसलिगा १६ मे २०२० रोजी सर्वांत आधी परतली. डॉर्टमुंडमध्ये, जिथे एकाच स्टँडमध्ये जवळपास २५,००० लोक उभे राहून गातात, तिथे शाल्केविरुद्धची डर्बी, म्हणजे शेजारच्या प्रतिस्पर्ध्याशी होणारा सामना, शांततेत झाली. डॉर्टमुंड ४-० जिंकला, तरी उरलेल्या हंगामात एकूण चित्र उलटं होतं. हंगामाच्या पहिल्या भागात यजमान सुमारे ४३ टक्के सामने जिंकत होते, ते प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास उतरलं.

लिव्हरपूलचं उदाहरण सगळेच देतात, पण ते जपून द्यावं. अ‍ॅनफिल्डवर म्हणजे आपल्या घरच्या मैदानावर एप्रिल २०१७ नंतर लीगमध्ये न हरलेला हा संघ २०२१ च्या सुरुवातीला रिकाम्या मैदानावर सलग ६ सामने हरला. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. ‘प्रेक्षक गेले आणि किल्ला पडला’ असं म्हणणं सोपं आहे. पण तोच संघ जून २०२० पासून रिकाम्या किंवा जवळपास रिकाम्या अ‍ॅनफिल्डवर खेळत होता आणि जानेवारीपर्यंत लीगमध्ये हरला नव्हता. मधल्या काळात ऑक्टोबरमध्ये बचावपटू व्हॅन डाइकचा गुडघा गेला आणि पाठोपाठ बचावफळीच्या मध्यावरचे बाकीचे मुख्य खेळाडूही बाहेर बसले.

म्हणून एकेका क्लबपेक्षा पुष्कळ लीगचा एकत्र हिशोब जास्त विश्वासाचा. १७ देशांतल्या २३ लीगचे सामने तपासणाऱ्या एका अभ्यासात सर्वांत ठळक बदल दिसला तो गोलमध्ये नव्हे, तर कार्डांमध्ये. प्रेक्षक नसताना पाहुण्या संघाला मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली, साधारण तीन सामन्यांमागे एक. निकालांवरचा परिणाम देशोदेशी वेगवेगळा निघाला. पंचांच्या वागण्यातला बदल मात्र ठळक होता.

पंचाच्या कानातला आवाज

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पंच पक्षपाती असतात असं यातून म्हणायचं नाही. टॅकल कसा होतो ते आठवा. दोन खेळाडू वेगाने चेंडूवर येतात, पाय एकमेकांत अडकतात, एक जण पडतो. पंच १५-२० मीटरवर धावत असतो, समोर आणखी दोन खेळाडू आडवे असतात. आधी चेंडूला पाय लागला की घोट्याला, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. डोळ्यांना पुरेशी माहिती मिळत नाही तेव्हा मेंदू मिळेल ती दुसरी खूण धरतो, आणि हजारो लोकांचा एकदम उठलेला आवाज ही फार मोठी खूण असते. आपण ती वापरतोय हे पंचाला स्वतःलाही कळत नाही.

ब्रिटनमध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं आणि तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सामन्यातले ४७ टॅकल ४० पात्र पंचांना व्हिडिओवर दाखवले. काहींना मूळ आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. यातली बारीक गोष्ट अशी, की आवाजामुळे पाहुण्यांविरुद्धचे फाऊल फारसे वाढले नाहीत. घटले ते यजमानांविरुद्धचे. गर्दीमुळे पंच पाहुण्यांना छळू लागतो असं नाही. यजमानांविरुद्ध शिट्टी तोंडाशी नेताना तो अडखळतो. या पंचांना आपल्या निर्णयांबद्दल खात्रीही कमी वाटत होती.

दुसरा पुरावा घड्याळाचा. स्पेनच्या लीगमधल्या १९९० च्या दशकातल्या दोन हंगामांचे ७५० सामने अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. ९० मिनिटांनंतरचा इंज्युरी टाइम किती द्यायचा हे पूर्णपणे पंचाच्या हातात असतं. यजमान एका गोलने मागे असताना पंच सरासरी ४ मिनिटांच्या आसपास देत. यजमान एका गोलने पुढे असताना ती वेळ २ मिनिटांच्या जवळ येई. फरक दोन किंवा अधिक गोलांचा असेल, म्हणजे निकाल लागून गेलेला असेल, तर हा कल दिसत नसे. वेळ फक्त तिथेच वाकत होती, जिथे ती वाकल्याने काही बदलू शकत होतं.

तिसरा इटलीचा, आणि त्याच्यामागे एक मृत्यू आहे. २ फेब्रुवारी २००७ रोजी कातानिया-पालेर्मो डर्बीच्या वेळी झालेल्या दंगलीत फिलिप्पो राचिती हे पोलीस अधिकारी मारले गेले. सरकारने सुरक्षेचे नियम न पाळणाऱ्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांना बंदी घातली. त्यामुळे इटलीच्या वरच्या दोन श्रेणींत, एकाच हंगामात, काही सामने प्रेक्षकांसह आणि २१ सामने प्रेक्षकांविना झाले. संशोधकांनी तुलना केली तेव्हा प्रेक्षक असताना पाहुण्यांना फाऊल आणि कार्डं जास्त कडकपणे मिळत होती, रिकाम्या स्टेडियममध्ये तो फरक गेला. शॉट, पास, टॅकल अशा खेळाडूंच्या स्वतःच्या कामगिरीत मात्र प्रेक्षक असण्या-नसण्याने दखल घ्यावा असा बदल सापडला नाही.

आता व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची सोय, आलं आहे, मग हा परिणाम संपला का? पूर्ण नाही. व्हीएआर गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड अशा मोठ्या निर्णयांसाठी आहे. मधल्या फळीतला साधा फाऊल, कडेच्या थ्रो-इनवरचा वाद, पहिलं पिवळं कार्ड, हे अजूनही एका माणसाच्या डोळ्यांवर आणि कानांवर आहे. पण या छोट्या निर्णयांनीच सामन्याचा तोल सरकतो. विसाव्या मिनिटाला पिवळं कार्ड मिळालेला डिफेंडर पुढची सत्तर मिनिटं पाय मागे घेऊनच टॅकल करतो.

मग खेळाडूंना काहीच होत नाही?

होतं, पण आपण समजतो तसं सरळ नाही. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात घरच्या सामन्याआधी खेळाडूंच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन परक्या सामन्याआधीपेक्षा जास्त आढळलं. आपली हद्द राखण्याची ती शरीराची तयारी असावी, असा अर्थ लावला गेला. पण हे वाढलेलं बळ प्रत्येक कामाला उपयोगी पडत नाही. पन्नास मीटर मागे धावत जाऊन चेंडू काढून घ्यायला ते पडतं. शांत डोक्याने करायच्या बारीक कामात ते आड येतं.

असं बारीक काम म्हणजे पेनल्टी. चेंडू ११ मीटरवर ठेवलेला, समोर एकच माणूस, आणि सगळं स्टेडियम तुमच्याकडे बघतंय. बुंडेसलिगामधल्या चार दशकांच्या पेनल्टींचा अभ्यास झाला तेव्हा घरच्या प्रेक्षकांसमोर मारणारे खेळाडू चेंडू गोलच्या बाहेर घालवण्यात पाहुण्यांपेक्षा पुढे निघाले. गोलकीपरने अडवणं वेगळं. इथे चेंडू पोस्टला किंवा बारवरून जात होता, म्हणजे चूक मारणाऱ्याच्याच पायाची. आपली माणसं आपल्याकडून नक्की गोलची अपेक्षा करतायत, हे ओझं शिव्या-हुर्योपेक्षा जड ठरतं.

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर या सगळ्याची दोन टोकं एकाच माणसाच्या वाट्याला आली. २० डिसेंबर २०१५, इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. गोव्याचा संघ, गोव्याचं मैदान, गच्च भरलेली गॅलरी आणि गोलमध्ये गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमनी. ८७ व्या मिनिटाला फ्री-किकवर जोफ्रेने गोव्याला २-१ पुढे नेलं. ९० व्या मिनिटाला चेंडू कट्टीमनीला लागून आपल्याच जाळ्यात गेला आणि स्वयंगोल नोंदला गेला. इंज्युरी टाइममध्ये मेंडोझाने तिसरा मारला आणि करंडक चेन्नईला गेला.

२० मार्च २०२२. तेच फातोर्डा, पुन्हा अंतिम सामना. आता कट्टीमनी हैदराबादचा गोलकीपर. कोरोनामुळे दोन हंगाम सगळी लीग गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाली होती. या सामन्याला प्रेक्षकांना परवानगी मिळाली आणि केरळा ब्लास्टर्सच्या समर्थकांनी गॅलरी पिवळी करून टाकली. नाव तटस्थ मैदानाचं, पण आवाज जवळपास एकतर्फी. सामना १-१ राहिला, टायब्रेकर झाला आणि कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या. ब्लास्टर्सच्या पाठीराख्यांवर ही वेळ दुसऱ्यांदा आली होती. २०१६ मध्ये तर ते स्वतःच्या कोचीत, भरलेल्या स्टेडियममध्ये अंतिम सामना पेनल्टींवर हरले होते.

दोन-तीन सामन्यांवरून सिद्धांत उभा राहत नाही, हे वर सांगितलंच आहे. पण एवढं नक्की दिसतं, की देशातल्या सर्वांत निष्ठावान गर्दींपैकी एक पाठीशी असली तरी पेनल्टीच्या ठिपक्यावर ती मदतीला येईलच असं नाही.

अपेक्षेचं ओझं

समर्थकाच्या मनात अपेक्षा कशी काम करते, हे ब्रिटनमध्ये एका मोबाइल अ‍ॅपवरून तपासलं गेलं. हजारो लोकांना दिवसातून कधीही ‘आत्ता किती आनंदी वाटतंय’ असं विचारलं जाई आणि उत्तरं त्यांच्या संघाच्या सामन्यांशी जुळवून पाहिली. विजयानंतरच्या तासात जेवढा आनंद वाढे, पराभवानंतर त्याच्या साधारण दुप्पट घटे. शेअर बाजारातही हाच एकांगीपणा दिसला आहे. विश्वचषकातून बाहेर पडलेल्या देशाचा बाजार दुसऱ्या दिवशी सरासरी अर्ध्या टक्क्याने पडतो, पण विजयाने चढत नाही. विजय अपेक्षित धरलेला असतो, म्हणून तो मिळाल्यावर हिशोब फक्त बरोबर होतो. पराभव मात्र पूर्ण किमतीला पडतो.

ही भीती गॅलरीतून मैदानावर उतरते. १६ जुलै १९५० ला माराकानावर ब्राझीलला विश्वचषकासाठी उरुग्वेविरुद्ध बरोबरीही पुरेशी होती. तिकीट काढून आलेलेच १,७३,८५० लोक होते. ४७ व्या मिनिटाला फ्रियासाने गोल केला आणि स्टेडियम दणाणलं. उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला चेंडू काखेत मारून पंचाशी वाद घालत राहिला. निर्णय बदलणार नाही हे त्याला माहीत होतं, त्याला गर्दीचा जोर ओसरेपर्यंत वेळ काढायचा होता. ६६ व्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी केली. ब्राझील अजूनही विश्वविजेता होता, तरी स्टेडियम गप्प झालं. ७९ व्या मिनिटाला घिजियाने दुसरा गोल मारला. व्हारेलाची ती युक्ती आजही प्रत्येक चांगला पाहुणा संघ वापरतो: पहिली पंधरा-वीस मिनिटं खेळ संथ करायचा, गोल-किकला वेळ लावायचा, गोल खायचा नाही, आणि मग घरच्या गॅलरीच्या अधीरतेला आपलं काम करू द्यायचं.

अधीरता म्हणजे काय, ते कुठल्याही मैदानावर ऐकू येतं. यजमान संघाने चेंडू मागे, डिफेंडरकडे दिला की ‘अरेऽऽ’ असा सुस्कारा उठतो. तो पास बहुतेक वेळा बरोबर असतो. समोरचे सगळे मार्ग बंद असताना चेंडू मागे घेऊन दुसऱ्या बाजूला फिरवणं हाच उपाय असतो. पण तो सुस्कारा दोन-तीनदा ऐकल्यावर तरुण मिडफिल्डर पुढच्या वेळी उगाच चेंडू पुढे ढकलतो, तो कापला जातो आणि प्रतिहल्ला येतो. शून्य-शून्यवर साठाव्या मिनिटाला उठणारा हा सुस्कारा म्हणजे घरच्या गॅलरीने आपल्याच संघाचं केलेलं सर्वांत मोठं नुकसान आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अपेक्षा आणि गर्दी हाताबाहेर गेली की काय होतं, याची किंमतही भारताने मोजली आहे. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि १६ जण गेले.

गर्दी आणि निकाल यांचं नातं किती सैल असतं, याचं मुंबईतलं एक उदाहरण. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला होते २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओतून कळकळीने सांगितलं: टीका करा, शिव्या घाला, पण मैदानावर या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली, भर पावसात भारत ३-० जिंकला. त्यानंतर तीनच दिवसांनी, त्याच मैदानावर, न्यूझीलंडने भारताला २-१ हरवलं. लोकांनी यावं ते जिंकून देण्यासाठी नव्हे. राष्ट्रीय संघ रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळू नये, हेच कारण पुरेसं आहे.

गॅलरीत बसणाऱ्यांसाठी

आवाजाचा उपयोग व्हावा असं वाटत असेल तर तो कधी करायचा आणि कधी नाही, हे ठरवून घ्यावं. पाहुण्या गोलकीपरच्या पायात चेंडू असताना, किंवा तो फ्री-किकसाठी भिंत उभी करत असताना, पूर्ण जोर लावा. दहा मीटरवरची हाकही त्याच्या डिफेंडरला ऐकू जाता कामा नये. उलट आपल्या गोलसमोर कॉर्नर येतोय तेव्हा आवाज खाली आणा. आपला गोलकीपर ‘माझा’ म्हणून ओरडतो तो शब्द आपल्याच गोंगाटात हरवला तर दोघे एकाच चेंडूवर जातात.

हलगी असो की ड्रम, वाजवणाऱ्याला मैदान दिसायला हवं. गाणं सुरू करणारा म्होरक्या पाठ करून उभा असेल, तर सामना बघून खुणा करणारा आणखी एक जण त्याच्यासमोर हवा. नाहीतर आपला खेळाडू जखमी होऊन पडलेला असताना स्टँड नाचत राहतो. संघ गोल खातो तो क्षण सर्वांत महत्त्वाचा. पुढची दोन मिनिटं गाणं तुटू द्यायचं नाही, कारण माराकानावर जी शांतता पसरली ती पाहुण्यांना हवीच असते.

पंचाचं काय? टॅकलवर हजारो लोक एकदम ओरडणार, ते थांबवता येत नाही. पण प्रत्येक थ्रो-इनवर बोंब मारणारी गॅलरी स्वतःचीच किंमत घालवते. सतत येणाऱ्या आवाजातून पंचाला काहीच कळत नाही, आणि तो तुमच्याकडे पाठ फिरवायला शिकतो. शिवीगाळ आणि बाटल्या फेकणं यातून तर फक्त तोटाच होतो: दंड, बंद दाराआड सामने, गुणकपात. स्थानिक स्पर्धांतले पंच बहुतेक वेळा नोकरी सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर उभे असतात. एका मोसमात दोन चांगले पंच कंटाळून शिट्टी खाली ठेवतात, तेव्हा पुढचे सगळे सामने अधिक वाईट पंचगिरीत होतात, तुमच्या संघाचेही.

कोल्हापुरात हे मोजता येईल

प्रेक्षकांचा परिणाम वेगळा काढायचा सर्वांत चोख मार्ग म्हणजे एकाच मैदानाचे दोन मालक असलेली डर्बी. मिलान आणि इंटर दोघेही सान सिरोवर खेळतात. प्रवास नाही, मैदान दोघांच्या ओळखीचं. फक्त कागदावर यजमान कोण, त्यानुसार सीझन तिकिटवाले बदलतात आणि गॅलरीचा रंग बदलतो. अशा डर्बींवर झालेल्या अभ्यासांतही एकमत नाही. एकात यजमानांचा फायदा दिसलाच नाही, दुसऱ्यात तो स्पष्ट दिसला. मिलान, रोम आणि जिनोआ मिळून वर्षाला लीगचे सहाच सामने होतात, म्हणजे वीस वर्षांत फार तर १२०. एवढ्याशा सामन्यांत निकालांचा गोंधळ आवरत नाही.

कोल्हापूरची रचना याहून सोयीची आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, बालगोपाल असे तालीम-मंडळांचे संघ, सगळ्यांचं एकच शाहू स्टेडियम, बहुतेक खेळाडू एकाच शहरातले. प्रवास आणि मैदानाची ओळख हे दोन्ही घटक आपोआप बाद होतात. उरतो फक्त त्या दिवशी गॅलरीत कुठल्या पेठेची माणसं जास्त आली आहेत, हा फरक. हुल्लडबाजीमुळे इथे सामने थांबलेले आहेत, म्हणजे गर्दीचा दाब किती असतो हेही वेगळं सांगायला नको.

एखाद्या मंडळाच्या चार मुलांनी ठरवलं तर एका वहीत हे होईल. प्रत्येक सामन्याला सात रकाने: तारीख, दोन्ही संघ, कुणाचे समर्थक अंदाजे किती, दोन्ही संघांविरुद्धचे फाऊल, पिवळी कार्डं, ९० व्या मिनिटाला गोलफरक, आणि पंचाने दिलेला इंज्युरी टाइम. समर्थकांचा अंदाज सामना सुरू होण्याआधी लिहायचा. नंतर लिहिला तर निकाल बघून तो फुगतो किंवा आकसतो. दोन्ही संघांशी संबंध नसलेल्या दोघांनी एकमेकांना न विचारता फाऊल मोजायचे आणि शेवटी जुळवायचे. सामन्यातल्या दुखापती आणि बदली खेळाडूंची संख्या वेगळी टिपायची, कारण त्यांच्यामुळे वाढलेला वेळ पंचाच्या कलात धरायचा नाही. निकालाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. निकालातला फरक दिसायला अनेक हंगाम लागतात. फाऊल मात्र एकाच सामन्यात डझनांनी मिळतात आणि कार्डंही काही मिळतात, त्यामुळे दोन-तीन हंगामांच्या वहीतही त्यांचा कल दिसू लागतो.